बेडूक-दगडापासून ताडाच्या पानापर्यंत

पहिला दिवस : न्यूशातेल

स्वित्झर्लंडमधल्या या गावामागच्या जंगलातून चढत गेलो आणि झाडांच्या मधोमध तो एकदम समोर आला. घराएवढा ग्रॅनाइटचा धोंडा. नाव पिएर-आ-बो, म्हणजे तिथल्या बोलीत बेडूक-दगड. बाबांनी आधी त्याच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली, मग हात लावून पाहिला, मग बुटाच्या टोकाने पायाखालची माती उकरली. बाबांची उभी नोकरी धरणांच्या पायांवर गेली. दगडाशी ओळख करून घ्यायची त्यांची ही पद्धत मी लहानपणापासून बघत आले आहे.

"खाली चुनखडी आहे," ते म्हणाले. "हा इथला नव्हे."

आम्ही इतक्या लांब आलो होतो ते याच वाक्यासाठी. झुरा पर्वत सगळा चुनखडीचा. असा ग्रॅनाइट सापडतो तो माँ ब्लाँच्या डोंगररांगेत, सुमारे शंभर किलोमीटर दूर, आणि मध्ये दऱ्या आहेत, सरोवरं आहेत. मग हा इथवर आणला कोणी? महापुराने, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 24 जुलै 1837 रोजी याच न्यूशातेलमध्ये स्विस निसर्गविज्ञान संस्थेची सभा भरली. अध्यक्ष होता तीस वर्षांचा लुई अगासी. त्याचं नाव झालं होतं माशांच्या जीवाश्मांवर, लोकही तेच ऐकायच्या तयारीने आले होते. त्याने भाषण केलं ते बर्फावर. आल्प्सपासून झुरापर्यंतची ही सगळी जमीन एकेकाळी बर्फाखाली होती आणि हे दगड त्या बर्फाने वाहून आणले, असं त्याने सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते रुचलं नाही. त्या काळासाठी 'हिमयुग' हा शब्द त्याच्या मित्राने, कार्ल शिंपरने, त्याच वर्षी घडवला होता.

अगासीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने मानववंशांच्या उच्चनीचतेचे जे विचार मांडले, ते घृणास्पद होते. न्यूशातेलने 2019 मध्ये त्याचं नाव एका चौकावरून काढलं आणि तीलो फ्रे यांचं दिलं. स्विस संसदेत निवडून आलेल्या पहिल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रीचं हे नाव. मला ते फार योग्य वाटलं.

हा प्रवास ठरला एका वादातून. काही महिन्यांपूर्वी बाबा वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले होते, "हवामान काय, नेहमीच बदलत आलंय. माणूस नव्हता तेव्हाही बदलत होतं. मग आताच एवढी ओरड कशाला?" मला राग आला होता, पण नेमकं उत्तर सुचलं नव्हतं. कारण वाक्याचा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. मग मीच म्हटलं, बाबा, हवामान बदलतं हे माणसाला पहिल्यांदा कळलं तिथेच जाऊ या.

दुसरा दिवस : क्रू द्यु वाँ

झुरातला हा कडा म्हणजे डोंगराचा अर्धगोल चावा घेतल्यासारखी भिंत, सरळसोट 160 मीटर. थर मोजता येतील इतके स्पष्ट. भूशास्त्रातल्या 'जुरासिक' काळाला नाव मिळालं ते याच झुरा पर्वतावरून. साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता आणि ध्रुवांवर आजच्यासारखे बर्फाचे थर नव्हते. आम्ही काठापासून अंतर राखून बसलो आणि पहिल्या दिवशीच्या बर्फाच्याही मागे, फार मागे गेलो.

ही चुनखडी म्हणजे दगड झालेली हवा आहे. ज्वालामुखी कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकतात. पावसाचं पाणी तो विरघळवून घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक झिजवतं. झिजलेलं नद्यांतून समुद्रात जातं, समुद्रातले जीव त्याचे शंख-शिंपले करतात, ते तळाशी साचून असा कडा होतो. हवा तापली की खडक जास्त झिजतात, कार्बन जास्त ओढला जातो, पृथ्वी पुन्हा निवते. फार थंडी पडली तर झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र चालूच राहतात. सूर्य स्वतःच्या लहानपणी आजच्यापेक्षा सुमारे 30 टक्के मंद होता, तरी पृथ्वीवर वाहतं पाणी होतं. जाड हरितगृह वायूंच्या पांघरुणाशिवाय ते जमलं नसतं.

कधी कधी हा तोल पार बिघडायचा. साधारण 72 ते 63 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी दोनदा जवळजवळ विषुववृत्तापर्यंत गोठली. त्यातून सोडवलं ते ज्वालामुखींनी लाखो वर्षं साठवत नेलेल्या कार्बन डायॉक्साइडने. 25.2 कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हाचे पूर आले. त्यांनी वाटेतले कोळशाचे थरही जाळले, आणि त्या तापलेल्या जगात समुद्रातल्या बहुतेक प्रजाती नष्ट झाल्या. 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार घडवणारे उद्रेक चालू होते, तेवढ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला. डायनोसॉर नेमके कशाने किती मेले यावर अजून भांडणं आहेत. अशनीचं पारडं जड आहे, एवढं नक्की.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती 5.6 कोटी वर्षांपूर्वीची घटना. काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आला, पृथ्वी 5 ते 6 अंशांनी तापली, समुद्र आम्लधर्मी झाले. तो कार्बन पुन्हा दगडात जाऊन हवा निवायला दीड-दोन लाख वर्षं लागली.

बाबा बराच वेळ कड्याकडे बघत होते. "म्हणजे निसर्गानेसुद्धा बऱ्याचदा कार्बनच वापरला," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. हे त्यांनीच म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

तिसरा दिवस : रेल्वेत, पावसात

दिवसभर पाऊस. जिनिव्हा सरोवराच्या काठाने गाडी जात होती आणि पलीकडचा किनारा दिसत नव्हता. 1816 चा उन्हाळा इथे असाच गेला, पण महिनोन् महिने. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला, त्यातलं गंधक वातावरणाच्या वरच्या थरात गेलं, त्याचे सूक्ष्म कण झाले आणि सूर्यप्रकाश परतवू लागले. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं कुजली, स्वित्झर्लंडमध्ये उपासमार झाली. पण ज्वालामुखीची ही थंडी दोन-तीन वर्षांत ओसरते, कारण कण खाली बसतात. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोने जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड केलं तेव्हा हे सगळं उपग्रहांनी मोजलं.

"आणि ज्वालामुखींचा कार्बन डायॉक्साइड?" बाबांनी विचारलं. आज माणूस फक्त जीवाश्म इंधनं आणि सिमेंट यांतून वर्षाला 37 अब्ज टनांच्या आसपास सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या सुमारे एक टक्का. बाबांनी खिशातली वही काढली आणि आकडा टिपला. आठवड्यातली ही पहिली नोंद.

चौथा दिवस : बान्य खोरं

पाऊस उघडला. आज बाबांचा दिवस होता, हे मला आधीच माहीत होतं.

लुर्तिए नावाच्या छोट्या गावात झाँ-पिएर पेरोदँ राहायचा. शिकारी, आणि सुतारकामही करणारा. उंच कड्यांवर फिरताना खडकांवरचे ओरखडे आणि भलत्याच ठिकाणी पडलेले धोंडे पाहून त्याने ताडलं की हिमनदी एकेकाळी हे संपूर्ण खोरं भरून वाहत असणार. 1815 मध्ये त्याच्या घरी झाँ द शार्पांतिए रात्रीपुरता उतरला. तो बेक्सच्या मिठाच्या खाणींचा संचालक, शिकलेला माणूस. पेरोदँने त्याला हे सांगितलं आणि शार्पांतिएने ते मनावर घेतलं नाही. पटलं ते इग्नात्स व्हेनेत्सला. तो या प्रांताचा अभियंता. व्हेनेत्सने शार्पांतिएला पटवलं, आणि 1836 च्या उन्हाळ्यात बेक्सला आलेल्या अगासीला शार्पांतिएने. अगासी आला होता हे खोडून काढायला, परतला तो कट्टर अनुयायी होऊन. बेडूक-दगडाचं कोडं शिकाऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत पोचायला बावीस वर्षं लागली.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला जी घटना घडली, ती मी बाबांना तिथेच उभं राहून सांगितली. तांबोरानंतरच्या थंड वर्षांत जिएत्रो हिमनदी वाढली. तिच्या तोंडाशी कोसळणाऱ्या बर्फाने खालची द्रान्स नदी अडवली आणि 1818 च्या वसंतात मागे मोठं सरोवर साचलं. 1595 मध्ये असाच बांध फुटून खोरं उद्ध्वस्त झालं होतं, त्यामुळे खालच्या लोकांना पुढचं स्पष्ट दिसत होतं. व्हेनेत्सने बर्फातूनच सुमारे 200 मीटरचा बोगदा खणायचं ठरवलं. वरून हिमकडे कोसळत होते आणि माणसं रात्रंदिवस कुऱ्हाडींनी बर्फ फोडत होती. 13 जूनला पाणी बोगद्यातून वाहू लागलं आणि पातळी उतरायला लागली. पण वाहत्या पाण्याने बर्फ कुरतडला आणि 16 जूनला बांध फुटला. चाळीसेक माणसं गेली. बोगदा नसता तर आणखी किती गेली असती, याचा हिशोब बाबांनी मनातल्या मनात केला असणार. त्यांचा चेहरा तसा झाला होता.

"बर्फात सांडवा," ते हळूच म्हणाले. "त्या काळात!"

आज जवळपास त्याच जागी मोव्हाझँचं धरण आहे. काँक्रीटची कमान, 250 मीटर उंच. बाबा तिच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. तिथेच मी त्यांना मिलुतिन मिलांकोविच सांगितला, मुद्दाम जागा निवडून. हा सर्बियन गणिती आधी व्हिएन्नात बांधकाम अभियंता होता. प्रबलित काँक्रीटची धरणं आणि पूल हे त्याचं काम. 1909 मध्ये ते सोडून तो बेलग्रेडला प्राध्यापक झाला आणि हिमयुगं का येतात याचं गणित मांडायला बसला. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीत अडकला, तेव्हाही ते गणित चालूच राहिलं. पृथ्वीची कक्षा सुमारे 1 लाख वर्षांच्या लयीत कमीजास्त लांबट होते. तिच्या आसाचा कल 41 हजार वर्षांत 22.1 आणि 24.5 अंशांच्या मध्ये हलतो. आणि आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ की दूर हे सुमारे 20 हजार वर्षांच्या लयीत बदलतं. उत्तरेतला उन्हाळा मंद झाला की हिवाळ्यातला बर्फ वितळायचा राहतो आणि साठत जातो. हयात असताना त्याचं फारसं कुणाला पटलं नाही. 1976 मध्ये समुद्रतळाच्या गाळात नेमक्या याच लयी सापडल्या, तोवर त्याला जाऊन 18 वर्षं झाली होती.

"अभियंताच तो," बाबा म्हणाले. मग थोडं चालून, "पण तो तर माझ्या बाजूचा निघाला. हिमयुग आलं आणि गेलं, माणसाचा हात लागला नाही."

खरंच होतं ते. त्या संध्याकाळी मी हरले होते आणि बाबा खुशीत होते.

पाचवा दिवस : बेलआल्प

ब्रिगजवळच्या ब्लाटेनहून तारेवरच्या पाळण्याने वर गेलो. हे ब्लाटेन वेगळं. लोचेनच्या खोऱ्यातलं ब्लाटेन आता उरलेलं नाही. 28 मे 2025 रोजी वरचा कडा हिमनदीवर कोसळत राहिला आणि शेवटी हिमनदीच गावावर आली. सुमारे 300 लोकांना नऊ दिवस आधी हलवलं होतं, म्हणून ते वाचले. एक माणूस दगावला. अशा एका दुर्घटनेचं खापर सरळ तापमानवाढीवर फोडता येत नाही, डोंगर आपल्या कारणांनीही ढासळतात. पण उंचावरच्या खडकांच्या भेगांत कायम गोठलेलं जे बर्फ त्यांना धरून ठेवतं, ते आल्प्समध्ये ठिकठिकाणी वितळू लागलंय. पाळण्यात बाबा आणि मी दोघंही गप्प होतो. 1818 आणि 2025, दोन्ही डोक्यात एकदमच घोळत होती.

बेलआल्पच्या टोकाला पोचल्यावर खाली आलेचची हिमनदी. आल्प्समधली सर्वांत लांब, सुमारे 20 किलोमीटर. मी तिची शंभर छायाचित्रं पाहिली होती. त्यांत एक गोष्ट कळत नाही. खोऱ्याच्या दोन्ही कुशींवर एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर झुडपं, गवत, जुना खडक. खाली उघडा, फिकट, नुकता सोललेला. 1860 च्या सुमारास बर्फ त्या रेघेपर्यंत होतं. आता रेघेपासून बर्फापर्यंत नजर उतरवायला वेळ लागतो.

इथेच थोडं वर जॉन टिंडलचं स्मारक आहे, त्याच्या पत्नीने उभारलेलं. हा आयरिश पदार्थवैज्ञानिक दर उन्हाळ्यात आल्प्समध्ये यायचा. 1861 मध्ये व्हाइसहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेही त्यानेच. हिमनद्यांचं त्याला वेड होतं, आणि इतकं बर्फ एकेकाळी कशाने साठलं असेल या प्रश्नाने तो हवेकडे वळला. 1859 मध्ये लंडनला त्याने एक लांब नळी घेतली, दोन्ही टोकांना सैंधवाच्या पट्ट्या लावल्या, कारण काच उष्णतेचे किरण अडवते आणि सैंधव अडवत नाही. नळीत एकेक वायू भरून उष्णता किती पार जाते ते मोजलं. ऑक्सिजन आणि नायट्रोजन, म्हणजे जवळपास सगळी हवा, उष्णतेला अडवतच नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायॉक्साइड अडवतात.

पण त्याच्याही तीन वर्षं आधी, 1856 मध्ये, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिलं होतं की कार्बन डायॉक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते आणि निवायलाही वेळ घेते. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. मग दीडशे वर्षं त्या विस्मरणात गेल्या. टिंडलच्या दगडापाशी उभी राहून मी त्यांचं नाव मोठ्याने घेतलं. बाबांनी ते वहीत लिहिलं, टिंडलच्या वर.

सहावा दिवस : ऱ्होनची हिमनदी

बेडूक-दगड वाहून आणणारी हिमनदी ती हीच. फुर्का घाटाच्या रस्त्यावरून तिचं जे उरलंय ते दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती खाली ग्लेचच्या सपाटीवर पसरलेली होती. आता खडकाची पायरी पार करून वर सरकली आहे आणि पुढ्यात राखाडी पाण्याचं तळं आहे. कडेला बर्फ वितळू नये म्हणून पांढरी कापडं पांघरली आहेत, मळलेली, ठिकठिकाणी फाटलेली. आजारी माणसाच्या अंगावरून चादर सरकलेली असावी तसं वाटलं. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा दहावा हिस्सा गमावला.

बाबांनी मात्र उलटतपासणी सुरू केली. अभियंता कारण असंच शोधतो, एकेक शक्यता बाद करत.

"सूर्य?" उपग्रह 1978 पासून थेट मोजतायत. अकरा वर्षांच्या चक्रात तो सुमारे 0.1 टक्का हलतो. पृथ्वी तापत गेली तसा तो वाढलेला नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबर नावाचा थर थंड होतोय. उष्णता खालीच अडकली तरच असं होतं.

"तुझ्या मिलांकोविचची कक्षा?" तिच्या हिशोबाने गेली काही हजार वर्षं उत्तरेतला उन्हाळा मंदावतोय. म्हणजे चाल अगदी हळू थंडीकडे हवी.

"आणि हा कार्बन आपलाच कशावरून? समुद्रातून आला नसेल?" हा प्रश्न सर्वांत चांगला होता. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 कधीच संपलेला. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण असं पातळ होत चालल्याचं हान्स झ्यूस यांनी 1950 च्या दशकातच झाडांच्या वर्तुळांत दाखवलं. हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतोय, काहीतरी जळल्यावर घटतो तसा. आणि समुद्र तर उलट आपला कार्बन शोषून आम्लधर्मी होतोय.

माणसाचे सगळेच उद्योग तापवणारे नाहीत, हेही मी सांगितलं. धुरातलं गंधक तांबोरासारखंच थोडं थंड करतं, त्याने खऱ्या तापमानवाढीचा काही भाग झाकला गेलाय. जंगलतोड आणि मिथेन दुसऱ्या बाजूला भर घालतात.

"हे तापमान आणि कार्बन जोडून पहिल्यांदा मोजलं कुणी?" गाय कॅलेंडर, 1938. जगभरच्या तापमानाच्या नोंदी त्याने हाताने जुळवल्या. व्यवसायाने वाफेच्या यंत्रांचा अभियंता.

"तिसरा," बाबा म्हणाले आणि हसले. मग तळ्याकडे बघत गप्प झाले.

सातवा दिवस : लुसर्न

परतीच्या वाटेवरचा शेवटचा थांबा. 1872 मध्ये इथे तळघर खणताना खडकात प्रचंड रांजणखळगे सापडले. सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी इथे रॉइस हिमनदी होती. तिच्या पोटातून दाबाने वाहणाऱ्या पाण्याने ते घोटून काढले. आणि त्याच खडकात ताडाच्या पानाचा ठसा आहे, शिंपले आहेत. 2 कोटी वर्षांपूर्वी तिथे उष्ण समुद्रकिनारा होता.

बाबा ताडाच्या पानासमोरच्या बाकावर बसले आणि वही काढली.

"मला एक सांग. शेवटचं हिमयुग संपलं तेव्हा कार्बन डायॉक्साइड किती वाढला?"

सुरुवात कक्षेने केली. मग खोल समुद्रातून, विशेषतः अंटार्क्टिकाभोवतीच्या, साठलेला वायू बाहेर आला आणि त्याने ती ऊब जगभर नेली. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत ती हवा कैद आहे. 8 लाख वर्षांची सलग नोंद आहे, त्यातला मोठा भाग बर्न विद्यापीठात मोजला गेलाय. हिमयुगात दशलक्षात 190 भाग, त्यातून बाहेर पडेपर्यंत 270 च्या आसपास. म्हणजे 80 भागांची वाढ, सुमारे 7 हजार वर्षांत. शेवटी समुद्र एकूण सुमारे 120 मीटर चढला आणि ते हिमयुग संपलं.

"आणि मी जन्मलो तेव्हा?"

1952. साधारण 312.

"आज?"

420 च्या वर.

बाबांनी वजाबाकी मांडली. इतकं साधं गणित ते कागदावर कधी करत नाहीत. 110 च्या जवळपास आकडा आला. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, '73 वर्षं'. वरच्या ओळीत '80' आणि '7000 वर्षं' होतंच. दोन ओळींच्या मध्ये त्यांनी एक रेघ ओढली, मग तीच पुन्हा गिरवली.

गाडीला अजून तास होता. "चल," ते म्हणाले, "तो खळगा परत एकदा बघू." आम्ही कठड्याशी जाऊन उभे राहिलो. तळाशी पाण्याने फिरवून गोल केलेला धोंडा अजून पडलेला होता. बाबा वाकून त्याच्याकडे बघत राहिले, वही अजून हातात उघडीच होती.